जहाजातला गहू : भारत, जपान आणि आपले ताट



आपल्या पूर्वजांच्या आगमनाचा इतिहास सांगताना आपण जहाजांबद्दल बोलतो, घाटाच्या सोळा पायऱ्यांबद्दल बोलतो, उसाच्या शेतांबद्दल बोलतो. पण ते लोक रोज काय खात होते आणि ते धान्य कुठून येत होते, याबद्दल फार कमी बोलले जाते. खरे तर मॉरिशसमध्ये माणसेही जहाजाने आली आणि त्यांचे धान्यही जहाजानेच आले. माणसे आणणारी जहाजे थांबून शंभराहून अधिक वर्षे झाली. धान्याची जहाजे मात्र अजून येत आहेत. सकाळी आपण जो पाव खातो, दुपारी बाजारात जी दालपुरी किंवा फराटा घेतो, त्यातला गव्हाचा एक दाणाही आपल्या बेटावर पिकलेला नसतो.

दुसऱ्याच्या धान्यावर जगणे ही फक्त लहान बेटांची गोष्ट आहे का? मोठे देश यातून कसे गेले? या लेखात मी दोन देशांची तुलना करणार आहे. एक भारत, आपल्या आज्या-पणज्यांचा देश. दुसरा जपान, जिथे मी सध्या राहते. गव्हाच्या बाबतीत हे दोन देश साठ-सत्तर वर्षांपूर्वी जवळजवळ एकाच ठिकाणी उभे होते. दोघेही अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहत होते. आज भारत जगात सर्वांत जास्त गहू पिकवणाऱ्या देशांपैकी एक आहे, तर जपान आपल्या गरजेचा पाच-षष्ठांश गहू बाहेरून आणतो. असे का झाले? आणि यात आपल्यासाठी काही शिकण्यासारखे आहे का?

आपल्या पूर्वजांचा शिधा

सुरुवात घरापासून करू. आपले बहुतेक मराठी पूर्वज रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतून मुंबई बंदरावरून निघाले. कोकणातल्या माणसाचे रोजचे अन्न म्हणजे भात, नाचणीची भाकरी, वरी आणि मासे. घाटावरच्या माणसाचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. गहू हा सणाचा पदार्थ होता. होळीला पुरणपोळी झाली तर गहू घरात यायचा. म्हणजे 'आम्ही पोळी खाणारे लोक' असे आज आपण म्हणतो, ते आपल्या पणजोबांच्या बाबतीत खरे नव्हते.

करारावर आलेल्या मजुराला सुरुवातीच्या काळात महिना पाच रुपये पगार आणि शिधा मिळत असे. शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ आणि थोडे तूप किंवा तेल. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. तांदूळ कलकत्त्याहून जहाजाने यायचा. बेटावर चांगली जमीन नव्हती असे नाही. पण ती जमीन उसासाठी होती. उसापासून साखर, साखरेपासून पैसा आणि त्या पैशातून तांदूळ, असा हिशोब मळेवाल्यांनी आणि इंग्रज सरकारने केला होता. ज्या हिशोबाने आपले लोक इथे आणले गेले, त्याच हिशोबाने बेटाचे अन्नही समुद्रापलीकडून येऊ लागले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मुलांना सांगायला हवे.

या हिशोबातला धोका दुसऱ्या महायुद्धात सर्वांना दिसला. तोपर्यंत आपला तांदूळ मुख्यतः ब्रह्मदेशातून येत होता. १९४२ च्या मार्च महिन्यात जपानी सैन्याने रंगून घेतले आणि तो तांदूळ बंद झाला. मॉरिशसमध्ये रेशन आले. मळ्यांना काही जमिनीवर ऊस काढून मका, मॅनियॉक, रताळी लावण्याची सक्ती झाली. भाताऐवजी पीठ आणि मक्याचा भरडा खाण्याची वेळ आली. घरातल्या जुन्या माणसांना मॅनियॉकचे ते दिवस आठवत असत. त्याच टंचाईच्या काळात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. आपल्या ताटाचा जपानशी पहिला संबंध आला तो असा.

१९४५ नंतरचा जपान

आता जपानकडे वळू. मी राहते तो हिगाशी-कसाई हा भाग तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा प्रभागात आहे. नावाचा अर्थ साधा आहे : पूर्व कसाई. जवळच पश्चिम कसाई म्हणजे निशी-कसाई आहे. इ. स. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबे या भागात वसू लागली आणि आज इथे हजारो भारतीय राहतात. त्यांत मराठी घरेही बरीच आहेत. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ही बातमी आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. साठ वर्षांपूर्वी मात्र इथे भातशेती, कमळकंदाची तळी आणि समुद्रशेवाळ वाळवणारे कोळी होते. मेट्रोची रेल्वे १९६९ मध्ये आली आणि शेते गेली. आज कसाई स्थानकाच्या पुलाखाली मेट्रोचे संग्रहालय आहे.

जपानी माणूस भात खाणारा, हे आपण सर्व जाणतो. पण गहूही तिथे जुना आहे. भाताची कापणी झाली की त्याच खाचरात हिवाळ्यात गहू किंवा जव पेरायचे आणि जूनच्या सुरुवातीला काढायचे, अशी दुबार पद्धत होती. त्या गव्हाच्या जाड शेवया म्हणजे उदोन आणि बारीक शेवया म्हणजे सोमेन. पाव मात्र पोर्तुगीजांनी आणला. जपानी भाषेत पावाला 'पान' म्हणतात. मराठीतला 'पाव' आणि जपानीतला 'पान' हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. आपल्या क्रेओलमधला 'दिपँ' फ्रेंचमधून आला, पण मूळ घराणे तेच. तोक्योच्या किमुराया या बेकरीने १८७४ साली पावात गोड उसळ भरून 'आनपान' केला आणि पुढच्या वर्षी तो सम्राट मेइजी यांना दिला गेला. मी पहिल्यांदा आनपान खाल्ला तेव्हा मला पुरणाचीच आठवण झाली. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण असते.

१९३२ मध्ये जपान सरकारने गहू वाढवण्याची पंचवार्षिक योजना सुरू केली. १९४० च्या सुमारास देशात जवळजवळ १८ लाख टन गहू पिकत होता. म्हणजे तेव्हा जपान गव्हात बराचसा स्वतःच्या पायावर उभा होता. मग युद्ध, पराभव आणि उपासमार आली. १९४५-४६ चा हिवाळा शहरांतल्या लोकांनी रताळी आणि रानपाला खाऊन काढला.

अमेरिकेकडे त्या वेळी गव्हाचा मोठा साठा होता. सुरुवातीला तो मदत म्हणून आला. १९५० मध्ये मोठ्या शहरांतल्या शाळांत अमेरिकेच्या पिठाचा पाव आणि भुकटीचे दूध असे पूर्ण जेवण सुरू झाले. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेने आपले जादा धान्य परदेशांना देण्याचा कायदा केला. हाच तो प्रसिद्ध 'पी. एल. ४८०'. १९५५ मध्ये जपानने त्याखाली करार केला. पुढे अमेरिकेच्या पैशातून जपानच्या खेड्यापाड्यांत स्वयंपाकाच्या मोटारी फिरू लागल्या. मोटार गावात थांबायची, बायका जमायच्या आणि पीठ, तेल, अंडी वापरून नवे पदार्थ कसे करायचे ते दाखवले जायचे.

मी शिक्षिका असल्यामुळे मला यात शाळेची भूमिका सर्वांत महत्त्वाची वाटते. सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज दुपारी पाव दिला की तीस वर्षांनी तो बाप झाल्यावर आपल्या घरात पाव आणणारच. जपानच्या शाळांत भाताला अधिकृत स्थान मिळाले ते थेट १९७६ मध्ये. तोपर्यंत एक पूर्ण पिढी दुपारी पाव खाऊन मोठी झाली होती. आमच्याही लहानपणी मॉरिशसच्या प्राथमिक शाळेत पाव वाटला जाई. तो पाव आम्हांला फार आवडे. त्याचे पीठ कुठून येते, असे कोणी विचारले नाही.

३९ वरून ४

आता आकडे पाहू. १९६० साली जपान आपल्या गरजेच्या ३९ टक्के गहू स्वतः पिकवत होता. १९६५ मध्ये २८ टक्के, १९७० मध्ये ९ टक्के आणि १९७३ मध्ये फक्त ४ टक्के. तेरा वर्षांत एका देशाचे एक पीक जवळजवळ नाहीसे झाले.

याचे कारण शेतकरी आळशी झाले हे नव्हे. सरकार तांदूळ चांगल्या भावाने विकत घेत होते, गव्हाला तसा भाव नव्हता. बाहेरचा गहू स्वस्त होता. शहरांत कारखाने निघाले होते आणि हिवाळ्यात शेतात राबण्यापेक्षा शहरात जाऊन मजुरी केली तर जास्त पैसे मिळत होते. भाताची लावणी यंत्राने आणि लवकर होऊ लागली, तेव्हा जूनपर्यंत शेत अडवून ठेवणारा गहू अडचणीचा झाला. शिवाय गहू पिकायचा आणि जपानचा पावसाळा सुरू व्हायचा यांची गाठ पडते. ऐन काढणीला पाऊस आला की ओंबीतच दाण्याला कोंब फुटतो. अशा पिकासाठी कोण जीव टाकेल?

दुसऱ्या बाजूने खाणारे वाढत होते. २५ ऑगस्ट १९५८ रोजी मोमोफुकु आंदो यांनी गरम पाणी ओतले की तयार होणाऱ्या शेवया बाजारात आणल्या. त्या शेवया म्हणजे शेवटी गव्हाचे पीठच. १९६२ मध्ये जपानी माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खात होता. आज तो आकडा निम्म्याहूनही कमी आहे.

१९७३ मध्ये जगात धान्याचे भाव भडकले आणि अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ थांबवली. तोफू आणि मिसो यांवर जगणाऱ्या जपानला तेव्हा मोठा धक्का बसला. त्यानंतर भाताच्या खाचरात गहू लावणाऱ्यांना सरकारने अनुदान दिले. त्यामुळे गव्हाचा आकडा पुन्हा थोडा वर आला. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्या आसपास असतो. देशात साधारण १० लाख टन पिकतो, त्यातला मोठा वाटा उत्तरेच्या होक्काइदो बेटाचा. साधारण ५० लाख टन अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथून येतो. तो बहुतांश सरकार स्वतः विकत घेते आणि ठरवलेल्या भावाने गिरण्यांना देते. जपानचे अगदी अस्सल समजले जाणारे सानुकी उदोनदेखील बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचे असतात.

भारत : जहाज ते तोंड

भारताची गोष्ट उलट दिशेने गेली. इंग्रजांच्या काळात सुएझ कालवा झाल्यावर पंजाबचा गहू कराचीवरून विलायतेला जात असे. देशात दुष्काळ असतानाही तो जात असे. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि कालव्यांचा मोठा सुपीक पट्टा पाकिस्तानात गेला. १९५०-५१ मध्ये भारतात अवघा ६५ लाख टनांच्या आसपास गहू पिकला. १९५१ मध्ये अमेरिकेने २० लाख टन धान्यासाठी कर्ज दिले. १९५६ पासून पी. एल. ४८० चा गहू येऊ लागला. ४ मे १९६० रोजी भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. हे पाटील म्हणजे मुंबईचे प्रसिद्ध पुढारी, मूळचे कोकणातले. म्हणजे आपल्या मातीतल्याच एका माणसाची सही त्या कागदावर आहे.

देशात वर्षाला एक कोटी टन गहू पिकत असताना वर्षाला ४० लाख टन बाहेरून येणार, असा तो हिशोब होता. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पाऊस पडला नाही. १९६६ साली भारताने एक कोटी टनांहून जास्त धान्य आयात केले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारतावर नाराज होते. ते एकदम करार करत नसत. थोडे थोडे, महिन्या-महिन्याचे धान्य सोडत. पुढचे जहाज निघाले की नाही, याकडे दिल्लीचे डोळे लागलेले असत. बंदरावर उतरलेला गहू साठ्यात न जाता सरळ लोकांच्या तोंडी जाई, म्हणून त्या काळाला 'जहाज ते तोंड' असे म्हणत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायची विनंती केली आणि लाखो घरांनी ती पाळली.

महाराष्ट्रातल्या रेशनच्या रांगा, तांबडा गहू आणि पुढे १९७२ च्या दुष्काळातला 'मिलो' म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी, यांच्या आठवणी तिकडच्या जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळतात. त्या मिलोच्या भाकऱ्या थापताना चिरत असत आणि खाताना घशाखाली उतरत नसत. रस्त्याकडेला माजणारे गाजर गवतही त्या गव्हासोबतच आले, अशी लोकांची समजूत आहे. परक्या धान्यावर जगण्याचा राग लोकांनी एका गवतावर काढला, असे मला वाटते.

एका ठेंगण्या गव्हाचा प्रवास

इथे दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. या लेखातला हा भाग मुलांनी तरी नक्की वाचावा.

१९३५ साली जपानच्या इवाते प्रांतातल्या सरकारी शेती केंद्रात गोंजिरो इनाझुका या शास्त्रज्ञाने गव्हाची एक ठेंगणी जात तयार केली. जपानच्या 'दारुमा' या बुटक्या गव्हाचा अमेरिकेतून आलेल्या उंच जातींशी संकर करून ती बनली होती. तिला नाव मिळाले 'नोरिन १०'. नोरिन म्हणजे शेती आणि वन खाते, आणि दहा हा तिचा क्रमांक. तिची ताटे जेमतेम दोन फूट उंच.

उंची कमी असण्याचा फायदा काय? उंच गव्हाला भरपूर खत-पाणी दिले की ओंबी जड होते, काडी वाकते आणि पीक लोळते. लोळलेले पीक सडते. ठेंगण्या गव्हाची काडी आखूड आणि ताठ असते. त्याला खत दिले तर ते काडी वाढवण्यात न जाता दाण्यात उतरते.

युद्धानंतर जपानवर अमेरिकी अंमल होता. त्या प्रशासनातले शेतीतज्ज्ञ एस. सी. सॅल्मन यांनी १९४६ मध्ये हा गहू पाहिला आणि बियाणे अमेरिकेला पाठवले. तिथे वॉशिंग्टन राज्यात ऑर्विल व्होगेल यांनी त्यावर काम केले. त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोर्लॉग यांच्याकडे गेले. बोर्लॉग यांनी त्यापासून ठेंगण्या मेक्सिकन जाती तयार केल्या. दिल्लीतले शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी त्यांना पाठबळ दिले. १९६६ मध्ये भारताने १८,००० टन बियाणे मेक्सिकोतून आणले. पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी त्यातून 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' या इथल्या मातीला आणि आपल्या पोळीला मानवणाऱ्या जाती काढल्या.

१९६४-६५ मध्ये भारतात १ कोटी २३ लाख टन गहू झाला होता. तोवरचा तोच सर्वांत मोठा आकडा होता. १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टन झाला. १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टन. जुलै १९६८ मध्ये भारताने या गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट काढले. आपला मॉरिशस स्वतंत्र झाला ते हेच साल, १२ मार्च १९६८. १९७० मध्ये बोर्लॉग यांना शांततेचे नोबेल मिळाले. आज भारतात ११ कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो.

म्हणजे पाहा : ज्या वर्षांत जपानचा स्वतःचा गहू ३९ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येत होता, नेमक्या त्याच वर्षांत जपानी गव्हाचे रक्त असलेले बियाणे भारताला परक्या जहाजांतून सोडवत होते. बियाणे जपानचे, पण ते कामी आले भारताच्या. कारण बियाणे एकट्याने काही करत नाही. भारत सरकारने १९६५ मध्ये धान्य महामंडळ काढले, हमीभाव ठरवला, कालवे, विहिरी, खत आणि कर्ज यांची सोय केली. जपान सरकारने त्याच काळात तांदळाला आधार दिला आणि गहू बाहेरून घ्यायचे ठरवले. दोन्ही देशांत शेतकरी तेवढेच कष्टाळू होते. फरक धोरणाचा होता.

कोण जिंकले?

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले लगेच म्हणतील, भारत जिंकला. मी तसे म्हणणार नाही.

भारताच्या यशाची किंमत पंजाब-हरियाणाच्या जमिनीने मोजली. तिथले भूजल वर्षानुवर्षे खाली जात आहे. गहू आणि भाताला हमीभाव मिळाला, डाळी आणि तेलबिया मागे पडल्या. आज भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. आपल्या पूर्वजांची नाचणी आणि वरी ताटातून जवळजवळ गेली होती. आता ती महागड्या दुकानांत परत येते आहे. आणि गहू पिकला म्हणून भूक आपोआप गेली असेही नाही. धान्य गरिबाच्या घरी पोचवण्यासाठी रेशन आणि २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा लागला.

जपान परावलंबी आहे, पण भुकेला नाही. त्याच्याकडे मोटारी आणि यंत्रे विकून आलेला पैसा आहे, गव्हाचे राखीव साठे आहेत, तीन वेगवेगळ्या देशांशी जुने संबंध आहेत. शिवाय त्याने आपला भात सोडलेला नाही. उद्या गव्हाची सगळी जहाजे थांबली तरी जपानी माणसाच्या ताटात मूठभर भात राहील.

२०२२ मध्ये दोघांचीही परीक्षा झाली. रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले आणि जगात गहू महागला. जपान सरकारने एप्रिलमध्ये गिरण्यांना देण्याच्या गव्हाचा भाव १७.३ टक्क्यांनी वाढवला. इथे पाव, उदोन, सगळेच महागले. भारतात त्याच वसंतात कडक उष्म्याने पीक कमी आले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. जो देश कधी दुसऱ्याच्या जहाजाची वाट पाहत होता, त्यानेच आता आपली जहाजे रोखली. स्वतःच्या लोकांना आधी खायला घालणे हे कोणत्याही सरकारचे पहिले काम आहे, म्हणून मी भारताला दोष देत नाही. पण ज्यांच्याकडे गहू पिकतच नाही, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. संकटात प्रत्येक देश आधी आपले कोठार बंद करतो, मग ते नात्यातल्या देशाचे का असेना.

आणि आपण

आपण मॉरिशसचे लोक या दोन्ही देशांपेक्षा वेगळ्या जागी आहोत. आपल्याकडे भारताएवढी जमीन नाही आणि जपानएवढा पैसा नाही. गहू आपल्या हवेत चांगला होत नाही, तांदूळही बाहेरूनच येतो. सरकारी व्यापार महामंडळ पीठ आणि रेशनचा तांदूळ आणते, पावाच्या भावावर सरकारचे नियंत्रण आहे, म्हणून आपल्याला रोज जाणवत नाही. अनेक वर्षे युरोपने आपली साखर ठरलेल्या चांगल्या भावाने घेतली आणि त्या साखरेने आपले पीठ विकत आणले. ती व्यवस्था २००९ मध्ये संपली. आज ऊस कमी झाला आहे आणि बरीच जमीन पडीक आहे किंवा तिच्यावर घरे उभी राहिली आहेत.

गहू पिकवा असे मी म्हणणार नाही. ते शहाणपणाचे होणार नाही. पण जपानकडून एक गोष्ट घेता येईल. आपले जे स्वतःचे आहे ते एकदम सोडून देऊ नये. युद्धात ज्या रताळ्याने, मक्याने आणि मॅनियॉकने आपल्या लोकांना जगवले, ते अजून आपल्या मातीत होतात. भारताकडून दुसरी गोष्ट घेता येईल. अडचणीच्या वेळी ठरवले तर काही वर्षांत बरेच बदलता येते, पण त्यासाठी सरकारने शेतकऱ्याच्या मागे उभे राहावे लागते.

आणि शाळेकडून तिसरी गोष्ट. जपानच्या शाळांत आज बहुतेक दिवस भात असतो, आणि पुष्कळ ठिकाणी भाजी त्याच गावातली असते. इथे एदोगावात कोमात्सुना नावाची पालेभाजी होते. तिचे नाव इथल्याच कोमात्सुगावा या जागेवरून पडले आहे. ती भाजी कोणत्या शेतातून आली हे मुलांना सांगतात. आपल्या मराठीच्या तासाला हे सहज करता येईल. नाचणी, वरी, पुरणपोळी हे शब्द शिकवताना त्यांमागचे धान्य कुठे पिकते, आपल्या घरात ते कसे आले आणि कधी गेले, हेही शिकवता येईल. घरी आजी-आजोबा असतील तर मुलांनी त्यांना विचारून लिहून आणावे : तुमच्या लहानपणी सकाळी काय खात होतात? तांदूळ मिळाला नाही तेव्हा काय शिजवले? मॅनियॉक कसा करत होतात? हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. आपल्या संस्थेने अशा वह्या गोळा करून ठेवल्या तर पुढच्या स्मरणिकेत त्या छापता येतील.